आत्याचा आवाज, अमेरिकेतली तबकडी

अमेरिकेतल्या एका संगीतकाराचं नाव आज बड्या बड्या लोकांच्या तोंडी असतं. मी ते इथं घेणार नाही. त्याच्या सगळ्या तबकड्या माझ्याकडे आहेत. काही त्यानं स्वतः पाठवल्या, बाकीच्या मी खटपट करून मिळवल्या. ज्या रचनेनं तो मोठा झाला, तिच्यात एका बाईचा आवाज होता. ती माझी आत्या. त्या रचनेचं कौतुक जिथं जिथं वाचलं, तिथं तिथं माझं डोकं फिरलं. त्यातला निम्म्याहून जास्त राग माझा माझ्यावरच होता, हे कबूल करायला मला फार वर्षं लागली.

लातूर जिल्हा तेव्हा नवा होता. कचेऱ्या भाड्याच्या घरांतून चालायच्या. जुन्या छापील कागदांवर उस्मानाबाद खोडून वर लातूरचा शिक्का मारलेला असे. मी मूळचा उमरीकडचा. नांदेडला शिकलो आणि लातूरच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवायला लागलो, तेही वर्षावर्षाच्या ऑर्डरीवर. आणि त्यातच दुष्काळ. ओळीनं दुसऱ्या वर्षी पावसानं दगा दिलेला. विहिरींचे तळ दिसत होते, नदीच्या वाळूत झिरे खणून बाया वाटीवाटीनं पाणी भरत होत्या.

एके दिवशी प्राचार्यांनी बोलावलं. एक अमेरिकन संगीतकार आलाय, त्याला रोजगार हमीच्या कामावरची बायांची गाणी टेप करायची आहेत, जिल्ह्याच्या ऑफिसनं दुभाष्या मागितलाय, तुम्ही जा. मी हरखलो. इंग्रजी शिकवत होतो, पण इंग्रजी बोलणाऱ्या गोऱ्या माणसाशी तोवर एक वाक्य बोललो नव्हतो.

तो चाळिशीचा, उंच, उन्हानं नाक सोललेला माणूस होता. जीपमध्ये त्यानं आपली सगळी हकिगत सांगितली. बाप चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा. यानं शिकून वाद्यवृंदासाठी मोठमोठ्या रचना लिहिल्या, पण त्या कुणी वाजवल्या नाहीत. मग त्यानं ती वाट सोडली आणि कामाचे आवाज गोळा करायला लागला: कापडगिरणी, बंदर, कापणी. त्या आवाजांभोवती व्हायोलिनं गुंफायची, ही त्याची रीत. अशा दोन तबकड्या निघाल्या होत्या आणि दोन्ही कुणी फारशा ऐकल्या नव्हत्या. हे तो हसत सांगत होता. मला तो माणूस आवडला. आज लिहितानाही तो मला वाईट आठवत नाही, हीच मोठी पंचाईत आहे.

कुठं न्यावं हे माझ्यावर सोडलं होतं. माझी आत्या रेणापूरजवळच्या एका गावात दिलेली. नवरा वारलेला. तिथं पाझर तलावाचं काम चालू होतं आणि ती त्या कामावर खडी फोडायला जात होती. गाण्यात तिचा हात धरणारी पंचक्रोशीत कुणी नव्हती. मी जीप तिकडेच घ्यायला सांगितली. आपल्या घरचंच माणूस साहेबाला दाखवावं, हा मोठेपणाही मनात होताच.

बाया आधी लाजल्या, मग खुलल्या. हातोडीच्या ठेक्यावर ओव्या सुरू झाल्या. तो खडीच्या ढिगावर गुडघे टेकून बसला, कानाला हेडफोन लावून, डोळे मिटून. दोन तास हे चाललं. दुपारी भाकरी सोडायची वेळ झाली तशा बाया लिंबाखाली गेल्या. आत्या तिथंच राहिली. तिची पाटी भरायची होती. हात चालता चालता ती स्वतःशीच काही गुणगुणायला लागली. त्या संगीतकारानं मान वर केली आणि टेपचं यंत्र पुन्हा सुरू केलं.

ते गाणं कुठलं, हे मला माहीत होतं. आमच्या घरात सगळ्यांनाच माहीत होतं.

आधीच्या मोठ्या दुष्काळात आत्या अशीच खडी फोडायला जात होती आणि तिची चार वर्षांची मुलगी बरोबर असायची. दोन काठ्यांना लुगडं बांधून केलेल्या सावलीत आत्या तिला निजवायची, आणि निजवताना म्हणायला तिनं स्वतः एक गाणं जुळवलं होतं. एका दिवशी पोरीला जुलाब लागले. मुकादम सुट्टी देईना. आत्यानं गाणं म्हणून तिला झोपवलं, आणि पाटी टाकून परत येईपर्यंत पोर गेली होती. आमच्यात पुरतात. कामाच्या जागेपासून हाकेच्या अंतरावर तिला पुरलं. तेव्हापासून आत्या ते गाणं चारचौघांत म्हणत नसे. कुणी म्हणायला लावलं तर उठून जाई. ते गाणं मी इथं लिहिणार नाही.

दोन-तीन ओळी झाल्या आणि तिचं लक्ष यंत्राच्या फिरत्या चाकांकडे गेलं. हातोडी थांबली.

"बाबा," ती मला म्हणाली, "हे नको घेऊ दे त्याला. नको घेऊ म्हण. हे माझ्या लेकराचं हाय."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. विचारलं, त्या काय म्हणतात? त्याचे डोळे भरलेले होते. शब्द न कळता त्याला रडू आलं होतं.

मी म्हणालो, "शी इज हॅपी. प्लीज टेक इट."

का म्हणालो? हा प्रश्न मी स्वतःला इतक्या वेळा विचारलाय की आता त्याचं उत्तरही पाठ झालंय. जीपजवळ आमच्याबरोबर आलेले कचेरीचे साहेब उभे होते, आणि त्यांनी माझ्या प्राचार्यांना चार शब्द चांगले सांगितले असते तर माझी ऑर्डर पक्की झाली असती. हे एक. पण खरं कारण याहून हलकं आहे. सकाळपासून एक परदेशी माणूस माझ्या तोंडाकडे बघत होता. मी म्हणेन ते जग, असं चाललं होतं. ती गोष्ट माझ्या तोंडानं थांबवायची माझ्यात हिंमत नव्हती.

आणि एवढ्यावर मी थांबलो नाही. खांद्यावरचा टॉवेल काढून मी त्या यंत्रावर टाकला आणि आत्याला म्हणालो, "झालं बंद. म्हण तू निवांत."

टॉवेलाखाली चाकं फिरत होती. ती माझ्यावर विसंबली. दगडाकडे बघत तिनं ते गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटलं.

परतीच्या वाटेत त्यानं गाण्याचा अर्थ विचारला. पावसाची प्रार्थना आहे, असं मी सांगून दिलं. एकदा खोटं बोलल्यावर दुसरं शोधावं लागत नाही.

दोन वर्षांनी टपालानं तबकडी आली. दुष्काळ सरला होता, माझी नोकरी पक्की झाली होती. माझ्याकडे ग्रामोफोन नव्हता. नांदेडला माझे जुने सर राहायचे. ज्यांनी मला इंग्रजी शिकवलं ते. निवृत्त झालेले, घरात देशी-विदेशी तबकड्यांचं कपाटच. रविवारची एसटी धरली, अहमदपूर, लोहा करत नांदेडला पोचलो. सरांनी तबकडी हळुवार पुसली, सुई टेकवली आणि आम्ही दोघं खुर्च्यांवर बसलो.

आधी नुसती व्हायोलिनं. मग हातोडी. मग आत्या.

काय सांगू? सुंदर होतं. ती सुंदर गायचीच, पण तिच्या आवाजामागं तो तंतुवाद्यांचा सूर असा सरकत आला की माझ्या अंगावर काटा आला. नंतर वाद्यं थांबली आणि गाणं नसलेला, तिचा नुसता बोलण्याचा आवाज आला. "नको घेऊ." पुन्हा, "नको घेऊ." त्यानं ते दोन शब्द कापून एकामागं एक जोडले होते. तिसऱ्यांदा, दहाव्यांदा, विसाव्यांदा. त्यावर ढोल चढले, पितळी वाद्यं चढली, आणि माझी आत्या विनवत राहिली, नको घेऊ, नको घेऊ, नको घेऊ.

सरांनी सुई उचलली.

"ही बाई नको म्हणतेय की रे," ते म्हणाले.

मग त्यांनी कव्हर उचलून वाचलं.

"कव्हरवर तर लिहिलंय, एका वृद्धेची पावसासाठी प्रार्थना. दुभाष्या म्हणून तुझे आभार मानलेत. हे काय आहे?"

"सर, त्याला मराठी येत नाही. त्यानं नुसता आवाज म्हणून..."

"त्याला येत नाही, हे मला माहीत आहे. तुला येतं ना?"

मी तबकडी घेऊन निघालो. सरांनी जेवायला थांब म्हटलं नाही. पहिल्यांदाच.

एसटीत माझा राग उसळत होता. वृद्धा! पुरती चाळिशीचीही नव्हती ती. बोलणाऱ्या बाईचे शब्द कापून डमरूसारखे वाजवायचे, आणि तिला काय म्हणायचंय हे दुसऱ्या कुणाला विचारायचंही नाही? अमेरिकेत एकही मराठी माणूस सापडला नाही याला? अशी एकेक चूक मी त्याच्या माथी मारत गेलो. लातूर येईपर्यंत माझी पक्की खात्री झाली होती की गुन्हेगार तो आहे.

त्या रचनेनं तिकडं त्याचं नशीब उघडलं. ज्या वाद्यवृंदांनी त्याला दारात उभं केलं नव्हतं ते आता त्याच्याकडे नव्या रचना मागू लागले. एक मोठं पारितोषिक मिळालं. कात्रणं तो मला प्रेमानं पाठवायचा. प्रत्येक कात्रणात ते दोन शब्द होतेच. कुणी म्हणे ते जपासारखे आहेत, कुणी म्हणे त्यांत पूर्वेची शांती आहे. शांती! मी कात्रण चुरगाळून फेकायचो, आणि पुन्हा उचलून सरळ करून ठेवायचो.

शेवटी मी आत्याकडे गेलो आणि सांगितलं. पण काय सांगितलं, तर "त्या गोऱ्यानं फसवलं आत्या. आपण बंद कर म्हटलं होतं, त्यानं चोरून भरून घेतलं."

ती जात्याजवळ बसली होती. उठून उभी राहिली. तिचा चेहरा असा झालेला मी कधी पाहिला नव्हता.

"लोक ऐकून राहिलेत ते? तिकडं?"

"हो."

"माझ्या पोरीचं गाणं? पैपाहुण्यात म्हणले न्हाई मी ते." मग ती ओरडलीच. "लिही त्याला! तुला येतं ना त्याची भाषा? लिही, म्हणावं तुझ्या घरी कुणी मेलं न्हाई का? लिही, आत्ताच्या आत्ता लिही!"

मी लिहिलं. तिच्या समोर बसून, तिचा एकेक शब्द. आयुष्यात इतकं चांगलं इंग्रजी मी कधी लिहिलं नसेल. गाणं काय आहे, ती मुलगी कोण होती, ते दोन शब्द म्हणजे काय, सगळं. आणि मधे आपलं एक वाक्य सारून दिलं: नकार दिलेला असताना तुम्ही यंत्र चालू ठेवलंत.

दीड महिन्यानं उत्तर आलं. बरोबर एक कॅसेट. पत्र छोटं होतं. त्यानं लिहिलं होतं की पत्र वाचून तो आजारी पडल्यासारखा झाला. त्या दिवसाची सगळी टेप त्यानं काढून पुन्हा ऐकली. ती बोलल्यानंतर माझं इंग्रजी वाक्य टेपवर आहे. त्यानंतर कापड पडल्याचा आवाज आहे, आणि माझं मराठी वाक्य आहे. ते मराठी त्यानं या वेळी एका मराठी विद्यार्थ्याकडून समजून घेतलं. तुमच्यावर दोष ठेवायचा नाही, मीच दुसऱ्या कुणाला विचारायला हवं होतं, असंही त्यानं लिहिलं होतं. आत्याबाईंना हे ऐकवा आणि त्या सांगतील तसं मी करेन.

मला कसला राग आला! त्यानं शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं. त्याच्या चांगुलपणानं मी उघडा पडलो. आठ दिवस ती कॅसेट ट्रंकेत कपड्यांखाली होती. नववा दिवस उजाडला आणि आत्याच लातूरला आली, डोक्यावर गाठोडं घेऊन, माझ्या खोलीवर.

"आलं का उत्तर?"

मला खोटं सुचलं असतं. सुचलंही. पण ती दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. मी टेप काढला आणि कॅसेट घातली.

हातोडी. गाण्याच्या दोन ओळी. मग, "बाबा, हे नको घेऊ दे त्याला." स्वतःचा आवाज ऐकून ती दचकली. मग त्याचा प्रश्न. मग माझा आवाज, कोवळा, लाडावलेला: "शी इज हॅपी. प्लीज टेक इट." मग टॉवेल. मग, "झालं बंद. म्हण तू निवांत."

मी बटण दाबून टेप थांबवला.

"तू त्याच्या भाषेत काय बोललास ते?" तिनं विचारलं. आवाज अगदी हलका. "ह्यापी म्हंजी काय रे?"

जन्मभर मी वर्गात अर्थ सांगत आलो. त्या दिवशीच्या शब्दाइतका जड शब्द मला कधी लागला नाही.

"खूश," मी म्हणालो. "ती खूश आहे, असं. आणि घ्या म्हणालो मी त्याला."

"मी नको म्हणले असताना."

"हो."

"आन टावेल टाकला ते?"

"चाकं चालू होती खाली."

तिनं गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरलं. मला वाटलं, ती मारेल. मारावं असं वाटत होतं.

"मुकादमानं सुट्टी दिली न्हाई तवा," ती म्हणाली, "तो परका होता. त्याचं मी काय बोलू? तू माझ्या भावाचा. तुला मी मांडीवर घेतलेलं हाय." मग उठली. "त्याला लिही, माझा आवाज काढ म्हणावं. सगळा. आन ह्या बारीला मी सांगते तसंच लिही. तुझ्या मनचं घालू नको."

गाठोडं उचलून ती चालती झाली. पाणीसुद्धा घेतलं नाही. एसटी स्टँडपर्यंत मी मागं मागं गेलो. तिनं मागं वळून पाहिलं नाही.

या वेळी तिचं वाक्य मी जसंच्या तसं लिहिलं. टॉवेलाचंही माझ्या तोंडानं लिहिलं. त्यानं शब्द पाळला. ती तबकडी बाजारातून काढून घेतली. रचना वाजवायला बंदी केली. त्याला त्याचा फटका बसला असणार, पण त्यानं त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. वर्षभरानं त्याच रचनेची नवी आवृत्ती निघाली. व्हायोलिनं तीच, ढोल तेच. आत्याचा आवाज होता तिथं त्यानं काहीच ठेवलं नव्हतं. वाद्यवृंद तेवढा वेळ हात खाली घेऊन बसून राहतो. कव्हरवर लिहिलं होतं की इथं एका आईचा आवाज होता, तिनं तो परत मागितला.

मी ते वाचलं तेव्हा क्षणभर बरं वाटलं. मग तबकडीबरोबर आलेली परीक्षणं वाचली. ती शांतता म्हणजे या संगीतकाराच्या आजवरच्या कारकिर्दीचा कळस, असं एकानं लिहिलं होतं. दुसऱ्याला त्या रिकाम्या जागेत रडू कोसळलं होतं. नवी तबकडी जुनीपेक्षा जास्त गाजली. नवं पारितोषिक, नवे दौरे. माझ्या कपाळाची शीर तडतडायला लागली. तो मुद्दाम करत नव्हता, हे कळत होतं. पण काहीही दिलं, काहीही काढून घेतलं, तरी यांच्या पदरात पडतं ते सोनंच. आणि आमच्या पदरात?

हे आत्याला सांगायलाच हवं होतं. तिनं बजावलं होतं, माझ्या मनचं घालायचं नाही. मग माझ्या मनानं लपवायचं तरी कसं? ती माझ्या खोलीवरून गेली त्यानंतर दीड वर्षानं मी तिच्या दारात गेलो. एवढ्या काळात तिनं आमच्याकडच्या एकाही लग्नाला पाय ठेवला नव्हता. मी ओट्यावर बसलो आणि सगळं सांगितलं. ती गहू निवडत होती. हात थांबले नाहीत.

"म्हंजी मी गप बसले," ती म्हणाली, "तर त्येनी माझं गप बसणं बी वाजवलं?"

"हो."

"लोकांनी वा वा केली."

"हो, आत्या."

तिनं सुपातला एक खडा काढून अंगणात असा भिरकावला की कोंबड्या उडाल्या. "गेले खड्ड्यात समदे. वाजवू दे. त्यात माझी पोर न्हाई आता, एवढं खरं ना?"

"खरं. मी पूर्ण ऐकलंय. नाही."

"मग बास."

मी तेव्हा तिचे पाय धरले. चुकलो म्हणालो, माफ कर म्हणालो. तिनं पाय मागं घेतले.

"तुझ्या माफीचं मी काय करू? चुलीत घालू?" राग तसाच होता, जराही निवळला नव्हता. "माझा हरभरा वाळून चाललाय. उद्या उपटायचा हाय, मानूस मिळून न्हाई राहिलं. येत असशील तर ये. नसशील तर तुझं तू बघ."

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत, दहिवर होतं तोवर, आम्ही तिच्या दीड एकराच्या तुकड्यात होतो. ती पुढच्या ओळीत, मी मागच्या. खडू धरणारे माझे हात. हरभऱ्याच्या पानांवरची आंब, ते आंबट पाणी, बोटांच्या चिरांत शिरून आग आग होत होती. ऊन वर आलं तसे वाळले घाटे तडकून दाणे सांडायला लागले, म्हणून तिनं वेग वाढवला. मला जमेना. मी झाडं अर्ध्यातून तोडायला लागलो.

"मुळासकट," ती मागं न बघता म्हणाली. "अर्धं नको तोडू."

दुपारपर्यंत ती माझ्याशी एवढंच बोलली. मी ओळ पुन्हा पहिल्यापासून धरली.